खाली (रिकामा) ट्रेलर मिळायला उशीर का होतो?
(आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

"माल तयार आहे, तुमचा घोडाही गेटवर येऊन उभा आहे, मग ट्रेलर कुठंय?" हा फोन आम्हाला जवळजवळ रोज येतो. (घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनाची गाडी.) विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण तो ट्रेलर पुष्कळदा आमच्याच दुसऱ्या एखाद्या ग्राहकाच्या डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याला, लागलेला असतो, आणि कधी कधी तर फोन करणाऱ्याच्याच आवारात. म्हणून हे एकदा लिहूनच देतो.

आमची पद्धत तुमच्या सवयीची आहे. घोडा भरलेला ट्रेलर तुमच्याकडे सोडतो, खाली झालेला जोडतो आणि निघतो. त्यामुळे माल उतरेपर्यंत ड्रायव्हर ताटकळत नाही आणि तुमच्या हमालांमागेही कुणी तगादा लावत नाही. हे जमावं म्हणून आम्ही एका घोड्यामागे दोन-तीन ट्रेलर ठेवतो. एक रस्त्यावर, एक भरायला लागलेला, एक खाली होत असलेला. यातला एक जरी अडकला, तरी ड्रायव्हर नुसता घोडा घेऊन या यार्डातून त्या यार्डात ट्रेलर शोधत फिरतो. डिझेल जळतं, त्याचे ड्यूटीचे तास संपत जातात आणि या फिरण्याचं भाडं त्याला कुणी देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो "झालाच आहे खाली" हा निरोप. प्रत्यक्षात आत पुढच्या टोकाला चार पॅलेट असतात, "ते उद्या काढू" म्हणून ठेवलेले. किंवा माल निघालेला असतो, पण तुटक्या फळ्या, प्लॅस्टिक आणि लॅशिंगचे (माल बांधायचे) पट्टे आतच असतात. आमच्या लेखी असा ट्रेलर भरलेलाच. पुढच्या ग्राहकाच्या डॉकला लावून दार उघडल्यावर हे कळलं, तर तिथलं लोडिंग थांबतं, तुमचा राहिलेला माल भलत्याच गावी पोहोचतो आणि दोन्हीकडची कागदपत्रं निस्तरण्यात दिवस जातो. म्हणून आमचा ड्रायव्हर जोडण्याआधी दार उघडून आत बघतो. काही जणांना हा अविश्वास वाटतो. तो अविश्वास नाही, तसा नियमच आम्ही त्याला घालून दिला आहे आणि तो बदलणार नाही. त्याच वेळी तो ट्रेलरच्या तळाची फळी फुटली आहे का, छतातून उजेड येतो का, आधीच्या मालाचा वास राहिला आहे का, हेही बघून घेतो. उद्या त्यात पीठ किंवा कापड जाणार असेल, तर वास फार महत्त्वाचा.

"जीपीएस आहे ना, मग तुम्हाला कळत कसं नाही?" असंही विचारलं जातं. जीपीएस ट्रेलर कुठे उभा आहे ते सांगतं. आत काय आहे, ते नाही.

काही वेळा मात्र ट्रेलर खरोखरच नसतो. जिथे माल येतो जास्त आणि जातो कमी, तिथे खाली ट्रेलर साचतात. जिथून माल निघतो, तिथे तुटवडा पडतो. महिनाअखेरीला सगळ्यांचाच माल एकदम निघतो, त्यामुळे तेव्हा आधी सांगणाऱ्याला आधी ट्रेलर मिळतो.

हॉल्टिंगबद्दल थोडं. ट्रेलर खाली करायला दिलेली मोकळी मुदत संपल्यावर आम्ही हॉल्टिंग, म्हणजे ट्रेलर अडकून राहिल्याचे पैसे, लावतो आणि त्यावरून वाद होतात. खरं सांगायचं तर त्या पैशांत उभ्या ट्रेलरमुळे बुडालेली आमची कमाई भरून निघत नाही. ट्रेलरचं गोदाम होऊ नये, एवढ्यासाठीच ते आहे. ज्यांना सोय म्हणून ट्रेलर जवळ ठेवायचाच आहे, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. तुमचा माल रोज निघत असेल, तर दोन ट्रेलर कायम तुमच्याच आवारात ठेवण्याचा मासिक करार करता येतो. हॉल्टिंगची दोन-तीन बिलं शेजारी ठेवून हिशेब करून बघा. बऱ्याच जणांना करारच स्वस्त पडतो.

सोडलेला ट्रेलर पक्क्या, सपाट जागी उभा राहू द्या. मऊ मातीत किंवा उन्हाने तापलेल्या डांबरात त्याचे पुढचे पाय रुततात. तिथे पायांखाली जाड फळी हवीच. पाय रुतून ट्रेलरचं तोंड खाली गेलं, तर घोडा त्याच्याखाली शिरत नाही. घोडा नसताना फोर्कलिफ्ट थेट पुढच्या टोकापर्यंत नेणार असाल, तर तोंडाखाली आधाराचा जॅक लावा, नाहीतर ट्रेलर पुढे कलंडू शकतो. आणि सोडलेला ट्रेलर फोर्कलिफ्टने ढकलून बाजूला करायला जाऊ नका. ब्रेकला घोड्याकडून येणारी हवा नसली की ते लागलेलेच असतात. टायर घासतात, ट्रेलर हलत नाही.

ट्रेलर झाडून झाला, दारं लावली, की आम्हाला मेसेज करा: ट्रेलर नंबर, कुठे उभा आहे, किती वाजता खाली झाला, आणि दार लावण्याआधी काढलेला आतला एक फोटो. संध्याकाळपर्यंत आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या आखणीत तो धरता येतो. ट्रेलरचा नंबर मागच्या दारावर आणि पुढच्या कोपऱ्यावर रंगवलेला आहे. घोड्याचा नंबर पाठवू नका. तो घोडा तोवर दुसराच ट्रेलर घेऊन गेलेला असतो.