कॉईल जळते, दोष फटीचा असतो

शेतपंपाच्या स्टार्टरमधून जळक्या वार्निशचा वास आला की दुकानातून नवी कॉईल आणून बसवली जाते. आठवडाभरात तीही काळी पडते आणि बोल लागतो कंपनीला. खरं तर बहुतेक वेळा कॉईल निर्दोष असते. तिला जाळते ती लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये उरलेली बारीक फट.

स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये, पातळ पत्र्यांचे दोन गाभे असतात, एक स्थिर आणि एक हलता. कॉईलला वीज मिळाली की हलता गाभा ओढला जातो आणि त्याच्यासोबत कॉन्टॅक्ट मिटतात. एसी कॉईलमधल्या प्रवाहाला तारेच्या रोधापेक्षा चुंबकत्वामुळे होणारा अडथळा, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स जास्त आवरतो. गाभे घट्ट मिटलेले असताना हा अडथळा भरपूर असतो, फट असताना तुटपुंजा. म्हणून लहान कॉन्टॅक्टर ओढताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेतो आणि मिटल्यावर ७-८ व्हीएवर येतो. ४१५ व्होल्टच्या कॉईलसाठी हे झाले अंदाजे १७० आणि १८ मिलिअँपिअर. ओढण्याचं काम क्षणात संपतं, या भरवशावरच कॉईलची तार इतकी बारीक ठेवलेली असते. गाभा अर्ध्यावर अडकला तर मोठा प्रवाह वाहतच राहतो, आणि तो नेहमीच्या पाचपट राहिला तरी तारेत पंचवीसपट उष्णता. (डीसी कॉईलचा प्रवाह फक्त रोधावर ठरतो. फटीनं ती अशी जळत नाही.)

गाभा का अडकतो? पहिला संशयित व्होल्टेज. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकानुसार कॉईलनं ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत नीट काम करायला हवं, म्हणजे ४१५ ला ३५३ ते ४५६. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या शेवटच्या कनेक्शनवर मोटर बंद असताना मीटर ४०० दाखवतो आणि सगळं ठीक वाटतं. गोम पुढे आहे. गाभा पूर्ण बसण्याआधीच कॉन्टॅक्ट टेकतात, मोटर नेहमीच्या सहापटीच्या आसपास प्रवाह खेचते आणि नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं. गाभा सुटतो, मोटरची वीज तुटते, व्होल्टेज सावरतं, गाभा परत ओढला जातो. या खडखडाटात कॉईल तापते आणि कॉन्टॅक्टही चिकटतात. म्हणून मोजमाप कॉईलच्या ए१ आणि ए२ या टोकांवर, मोटर सुरू होतानाच घ्यायचं, तेही वायरमनकडून.

दुसरा संशयित कचरा. मेन स्विच पाडून, फ्यूज काढून, वीज नसल्याची खात्री करून झाकण उघडा. मुंग्या, पालीची अंडी, घट्ट झालेलं ग्रीस, गंज यातलं काहीही सापडू शकतं. हलता गाभा अंगठ्यानं दाबा. तो अडखळता कामा नये, सोडताच स्प्रिंगनं परत यायला हवा. गाभ्याचे समोरासमोरचे पृष्ठभाग कोरड्या कापडानं पुसा. तेल घालू नका, कानस तर अजिबात लावू नका. ते पृष्ठभाग घासून तंतोतंत सपाट केलेले असतात.

त्याच पृष्ठभागांवर तांब्याची छोटी कडी बसवलेली दिसेल. ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणीही थोडी ओढ टिकवायचं काम या कडीचं. ती तुटली की कॉन्टॅक्टर घरघरतो, गाभा थरथरतो, फट उघडमीट करते.

चुकीची कॉईल हा तिसरा प्रकार. २३० व्होल्टची कॉईल दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर, जोडली तर लगेच जळते. ४१५ ची कॉईल २३० वर गाभा ओढू शकत नाही, फट उघडीच राहते आणि कमी व्होल्टेजवरही ती तापते. नवी घेताना व्होल्ट, हर्ट्झ आणि कॉन्टॅक्टरचं मॉडेल, तिन्ही जुळवा.

कॉईल धरत नाही म्हणून गाभ्यात काडी खुपसून पंप चालवणारे पुष्कळ आहेत. वीज जाताच स्टार्टर सोडवण्याचं कॉईलचं काम त्यामुळे संपतं. वीज परत आली की कोणी जवळ नसताना मोटर आपोआप सुरू होते, आणि ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह ओळखणारा भाग) कॉईल सोडवूनच मोटर वाचवत असल्यानं एक फेज गेली तरी ती जळेपर्यंत चालत राहते.

दुरुस्तीनंतर वायरमनला मीटर कॉईलच्या सिरीजमध्ये, म्हणजे कॉईलचा प्रवाह मीटरमधून जाईल असा, लावायला सांगा. वर सांगितलेल्या लहान कॉन्टॅक्टरला १८-२० मिलिअँपिअर दिसले तर गाभा बसला. ७०-८० दिसले तर लगेच वीज बंद करून झाकण पुन्हा उघडा.