इंटरगॅलॅक्टिक बँकिंग क्लॅन

इंटरगॅलॅक्टिक बँकिंग क्लॅन ही ‘स्टार वॉर्स’च्या काल्पनिक विश्वातील बलाढ्य वित्तसंस्था असून तिची सूत्रे म्युन या उंच, काटकुळ्या व लांबुळक्या डोक्याच्या वंशाकडे आहेत. म्युनिलिन्स्ट हा म्युनांचा मूळ ग्रह. बँकेची मुख्य तिजोरी मात्र सिपिओ या बर्फाच्छादित ग्रहावर आहे. क्लोन युद्धाच्या काळात ही बँक नावापुरती तटस्थ राहून आकाशगंगेवर राज्य करणारे प्रजासत्ताक आणि त्यातून फुटून निघालेले फुटीरतावादी या युद्धातील दोन्ही पक्षांना कर्जे देत होती, आणि तिच्याभोवतीची बहुतेक प्रकरणे या तटस्थतेतूनच उद्भवलेली दिसतात. ही तटस्थता किती पोकळ होती हे २००२ सालच्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ या चित्रपटातच उघड होते : बँकेचा अध्यक्ष सॅन हिल जिओनोसिस ग्रहावर फुटीरतावाद्यांचा नेता काउंट डूकू याच्या बैठकीला हजर असतो, आणि दोन प्रचंड चाकांवर धावणारे बँकेचे क्षेपणास्त्रवाहू हेलफायर ड्रॉइड (युद्धासाठीचे यंत्रमानव) पुढे त्याच ग्रहावरील लढाईत उतरतात.

बँकेच्या व्यवहारांचे खरे तपशील ‘द क्लोन वॉर्स’ या ॲनिमेशन मालिकेत येतात. तिच्या तिसऱ्या पर्वात, प्रजासत्ताकाच्या राजधानीतील वीजकेंद्रावर झालेल्या घातपाती हल्ल्यानंतर घाबरलेली सिनेट (प्रजासत्ताकाचे प्रतिनिधिगृह) बँकांवरील निर्बंध उठवते. पन्नास लाख नवे क्लोन (एकाच माणसाच्या हुबेहूब प्रती असलेले) सैनिक विकत घेण्यासाठी लागणारे कर्ज मागण्याची वेळ येते, तेव्हा बँक २५ टक्के व्याज सांगते. या कर्जाला विरोध करताना सिनेटर पद्मे अमिडाला आकडेवारीचा आधार घेत नाही. ती आपली दासी टेक्ला हिच्या घराची स्थिती सांगते. युद्धामुळे तेथे वीज आणि पाणी क्वचितच येते, मुलांना दोन आठवड्यांतून एकदा अंघोळ मिळते आणि रात्री अभ्यासाला दिवा नसतो. युद्धकथेत कर्जाचा बोजा असा न्हाणीघरापर्यंत आणून दाखवणे विरळाच.

सर्वांत गाजलेले प्रकरण २०१४ साली प्रदर्शित झालेल्या सहाव्या पर्वात येते. म्युनांनी वाढवलेला रश क्लोव्हिस हा बँकेचा माजी सिनेटर स्वतःही निष्कलंक नव्हता. जिओनोसिसवर फुटीरतावाद्यांसाठी ड्रॉइड कारखाना उभारण्याच्या कटात तो पूर्वी सामील होता. ‘कोअर फाइव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच संचालकांनी अफरातफर करून बँक धुऊन नेली आहे आणि तिजोरीत खडखडाट आहे, ही गोष्ट तोच पद्मेच्या कानावर घालतो. तिने शोध घेताच तिच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवून तिला अटक करण्यात येते. पुढे संचालक तुरुंगात जातात आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने क्लोव्हिस बँकेचा प्रमुख होतो. परंतु संचालकांविरुद्धचे पुरावे त्याला गुपचूप डूकूनेच पुरवलेले असतात. या उपकाराची परतफेड म्हणून डूकू त्याला प्रजासत्ताकाच्या कर्जांवरील व्याजदर वाढवायला लावतो आणि लगोलग सिपिओवर फौज उतरवतो. या गोंधळात क्लोव्हिसचा दरीत पडून मृत्यू होतो आणि बँकेचा ताबा प्रजासत्ताकाचा प्रमुख, चॅन्सलर पॅल्पटिन याच्याकडे सोपवला जातो. पॅल्पटिन आणि डूकू हे आतून गुरुशिष्य असल्याने सावकार व दोन्ही ऋणको एकाच माणसाच्या मुठीत येतात. सॅन हिलचा शेवट २००५ सालच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये मुस्ताफार ग्रहावर होतो; पॅल्पटिनने पाठवलेला डार्थ व्हेडर इतर फुटीरतावादी नेत्यांबरोबर त्यालाही ठार करतो.