वाळणे आणि सेट होणे: हस्तकलेतील दोन वेगळ्या प्रक्रिया

साच्यातले प्लास्टर कडक झाले, मातीचे भांडे कडक झाले किंवा तेलरंग हाताला लागेनासा झाला, की आपण सरसकट ‘वाळले’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात या तिघांपैकी केवळ मातीचे भांडे वाळलेले असते; बाकीचे दोन रासायनिक क्रियेने कडक होतात, म्हणजे ‘सेट’ होतात. वाळताना पदार्थातले पाणी उडून जाते, वजन घटते आणि वस्तू आक्रसते. पाणी एका बाजूने लवकर उडाले तर तिला तडा जातो. न भाजलेले असे भांडे पाण्यात ठेवले, तर त्याचा पुन्हा चिखल होतो. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजल्यावर मात्र मातीची घडणच बदलते आणि हा परतीचा मार्ग बंद होतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट नेमकी उलटी आहे. जिप्सम हे खनिज तापवून त्यातले तीनचतुर्थांश पाणी काढून टाकले की ही भुकटी तयार होते, आणि आपण तिच्यात पाणी कालवतो तेव्हा ती ते गमावलेले पाणी परत घेऊन पुन्हा जिप्सम होते. सुईसारखे बारीक स्फटिक वाढून एकमेकांत गुंततात, म्हणून गोळा कडक होतो. थोड्या वेळाने साच्यावर तळहात ठेवला, तर ऊब स्पष्ट जाणवते; ती या रासायनिक क्रियेची असते. सेट होताना प्लास्टर किंचित फुगते, त्यामुळेच साच्यातली बारीक नक्षीही त्यावर उमटते.

गोंधळ होतो तो पुढे. १०० ग्रॅम प्लास्टरला सेट होण्यासाठी जेमतेम १९ ग्रॅम पाणी पुरते, पण तेवढ्यात ते ओतता येत नाही. म्हणून आपण ६०-७० ग्रॅम घालतो. जास्तीचे पाणी सेट झालेल्या वस्तूतच अडकून राहते आणि नंतर सावकाश वाळते. तासाभरात टणक झालेली वस्तू हाताला गार लागत असेल, तर ती आतून ओलीच आहे आणि तिच्यावर रंग लावणे ही घाई ठरेल. रोज वजन करावे. ते घटायचे थांबले की वस्तू वाळली.

जवसाच्या तेलात कालवलेला रंग हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतो, त्यामुळे सुरुवातीला त्याचे वजन चक्क वाढते. या क्रियेतही उष्णता निघते, म्हणून तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप पेटू शकतात.

रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक एकत्र ढवळले की इपॉक्सी सेट होते; त्यात उडून जाण्यासारखे पाणीच नसते, त्यामुळे पंख्याखाली ठेवून काही साधत नाही. ते चिकट राहिले, तर बहुधा रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण चुकलेले असते किंवा ढवळणे अपुरे पडलेले असते. लवकर व्हावे म्हणून हार्डनर वाढवणे हा तर सर्वांत वाईट उपाय, कारण जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि तो तसाच मऊ राहतो.