अंगणातला लाईट (बाहेरची फिटिंग)

अंगणातला लाईट म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीला, छपरीला नाहीतर गोठ्याच्या खांबाला लावलेला दिवा, त्याचा होल्डर किंवा बंद फिटिंग आणि तिथपर्यंत नेलेली वायर. विदर्भातल्या खेड्यात उन्हाळ्यात खाटा अंगणात पडतात, पावसाळ्यात साप-विंचू दिसावा म्हणून हा दिवा रात्रभर चालू असतो, म्हणून घरातल्या बाकी फिटिंगपेक्षा हीच आधी खराब होते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, टेपचा गोंद सुटतो आणि मग पहिल्या पावसाचं पाणी सरळ जॉइंटमधे.

घरात साधारण सिंगल फेज लाईन येते, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. दिव्याला फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) लागतात, फिटिंग लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर तिसरी, अर्थिंगची म्हणजे जमिनीला जोडलेली वायर पाहिजेच. जुन्या वायरिंगमधे फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. नवीन केबलमधे तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. पण रंगावर भरोसा ठेवू नये, खेड्यात पंपाची उरलेली केबल नाहीतर हाताशी असेल तो बंडल ओढलेला असतो, लाल वायर न्यूट्रल निघते आणि काळीत करंट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटन बंद केलं की करंट गेला असं नाही! बटन फेजवर पाहिजे, पण कितीतरी घरात ते न्यूट्रलवर बसवलेलं असतं, मग दिवा विझतो आणि होल्डरपर्यंत फेज तशीच उभी असते. बटन बंद असूनही एलईडी बल्ब मंद जळत असेल तर हा संशय घ्यावा, अर्थात इंडिकेटरवाल्या बटनामुळेही तसं होतं. म्हणून होल्डर खोलण्याआधी मेन स्विच बंद करायचा, घरच्यांना सांगून ठेवायचं, टेस्टर आधी चालू प्लगमधे लावून तो जळतो का ते पाहायचं आणि मगच दोन्ही वायरींना लावायचा. शिडी लाकडाची घ्यावी, ओल्या अंगणात उभं राहून हे काम करूच नये.

दुसरी वाईट सवय म्हणजे न्यूट्रल तुटली की अंगणात सळई ठोकून तिचीच न्यूट्रल करणं. दिवा लागतो म्हणून लोक तेच चालू ठेवतात, पण काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळली की करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही आणि दिवा चालू असताना ती सळई, तिची वायर सगळ्यात करंट उतरतो. शेजारी बैल बांधलेला असेल तर त्याला धोका जास्त, गुरांच्या पुढच्या-मागच्या पायात अंतर असल्यामुळे जमिनीतला करंट त्यांच्या अंगातून जातो. अर्थिंग वेगळीच हवी, मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहावं.

नवीन फिटिंग घेताना आयपी 65 लिहिलेली बघावी, त्यातला 6 धुळीसाठी आणि 5 पाण्याच्या फवाऱ्यासाठी. चुडीचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला जोडायची, चुडीला नाही, कारण बल्ब फिरवताना बोट तिथेच लागतं. जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि नवीन तांब्याची नुसती पिळून जोडली तर जॉइंट गंजतो, तापतो, शेवटी ठिणग्या पडतात, त्यापेक्षा दोन्ही धातूंना चालणारं कनेक्टर वापरावं. वायर फिटिंगमधे खालून घालायची आणि आधी तिला थोडा झोल द्यायचा म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून खाली गळतं, आत शिरत नाही. बोर्डात 30 मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) असेल तर फार बरं. खांबावरून मीटरपर्यंत येणारी लाईन मात्र महावितरणची, तिला घरच्याने हात लावायचा नाही, आणि घरातही फेज-न्यूट्रलचा घोळ सापडला तर लायसन्सवाला वायरमनच बोलवावा.