होमकमिंग आणि सिनिअर नाइट: दोन शुक्रवार, दोन वेगळे सोहळे

अमेरिकेत मूल हायस्कूलमध्ये गेलं की सप्टेंबरपासून शाळेच्या ईमेलमध्ये दोन शब्द वारंवार दिसू लागतात. होमकमिंग आणि सिनिअर नाइट. दोन्ही बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, दोन्ही घरच्या मैदानावर, दोन्हींत अमेरिकन फुटबॉलचा सामना, सजून मैदानात आलेली मुलं आणि लाउडस्पीकरवरून पुकारली जाणारी नावं. त्यामुळे आपल्याकडचे बरेच पालक दोन्ही एकच धरून चालतात. आम्हीही तसंच धरलं होतं आणि ते आम्हाला फार लागलं, म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. बाकी राज्यांत तपशील थोडा बदलतो, गाभा तोच.

होमकमिंग म्हणजे घरी परत येणं. घर म्हणजे शाळा आणि परतणारे म्हणजे माजी विद्यार्थी. ही प्रथा मुळात विद्यापीठांची. पहिलं होमकमिंग कुणाचं यावर अजून वाद आहे. बेलर १९०९ सांगतं, इलिनॉय १९१०, पण सगळ्यांत जास्त नाव घेतलं जातं मिसुरीचं. १९११ साली कॅन्ससविरुद्धचा सामना तिथे विद्यापीठाच्याच आवारात होणार होता, तेव्हा क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ असं बोलावणं धाडलं. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि प्रथा टिकली. पुढे हायस्कूलांनी ती उचलली.

म्हणजे होमकमिंग हा साऱ्या शाळेचा सण. आठवडाभर मुलं रोज ठरलेल्या वेशात शाळेत जातात, काही गावांत मिरवणूक निघते आणि शुक्रवारी सामना. टेक्ससमध्ये तर त्या दिवशी मुलींकडे नुसतं पाहिलं तरी कळतं. मम! मम म्हणजे क्रिसॅन्थेमम, आपली शेवंती. पूर्वी मुलगा मुलीला खरंखुरं शेवंतीचं फूल द्यायचा आणि ती ते ड्रेसला लावायची. आता फूल कापडी, पण त्याखाली गुडघ्यापर्यंत, कधी पार घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, वेणीसारखे गुंफलेले पट्टे, चिकटवलेली नावं, छोटं टेडी बेअर आणि बारीक घंटा. मुलगे याचीच लहान आवृत्ती दंडावर बांधतात. रंग शाळेचे, पण बारावीच्या मुलांसाठी परंपरेने पांढरा आणि चंदेरी. माझ्या मुलीचा मम मी आणि तिने जेवणाच्या टेबलावर बसून गरम गोंदाने चिकटवला होता. सकाळी ती तो घालून जिना उतरली तेव्हा घंटांचा आवाज ऐकून मला गॅदरिंगला चाळ बांधून पळणाऱ्या मुली आठवल्या.

होमकमिंगचा मुख्य सोहळा हाफटाइमला, म्हणजे सामन्याच्या मध्यंतरात होतो. विद्यार्थ्यांनीच मतं देऊन निवडलेली मुलं मैदानात येतात आणि त्यांतून किंग आणि क्वीन जाहीर होतात. बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीची क्वीन मुद्दाम परत येऊन नव्या मुलीच्या डोक्यावर मुकुट ठेवते. होमकमिंग या नावाचा अर्थ मला तिथे सगळ्यांत नेमका जाणवतो. तेव्हा हाफटाइमला खाण्याच्या रांगेत उभं राहू नका. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, चालू असतानाच नाचो किंवा फ्रिटो पाय (मक्याच्या चिप्सवर चिली) आणून ठेवा. आपलं मूल बँडमध्ये असेल तर त्याच्यासाठीही हीच वेळ महत्त्वाची. तिसऱ्या क्वार्टरला बहुतेक ठिकाणी बँडला सुट्टी मिळते, तेव्हा भेटता येतं.

सिनिअर नाइट अगदी वेगळी. सिनिअर म्हणजे बारावीचं मूल. घरच्या मैदानावरच्या, बहुधा शेवटच्या सामन्याला त्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलांना निरोप दिला जातो. बारावीच्या सगळ्यांना नव्हे, मैदानाशी नातं असलेल्यांना: खेळाडू, चिअरलीडर, ड्रिल टीम (मैदानात नाचणारा चमू), बँड. व्हॉलीबॉल, पोहणं, बास्केटबॉल यांच्या सिनिअर नाइट आपापल्या. इथे मतदान नाही, मुकुट नाही. मूल आईवडिलांचा हात धरून मैदानात चालत येतं, त्याचं नाव आणि पुढे काय करणार ते वाचलं जातं, आईच्या हातात फूल दिलं जातं, एक फोटो, की पुढचं मूल. प्रत्येकाला अर्धा-पाऊण मिनिट.

आणि हे सगळं बहुतेक शाळांत सामन्याच्या आधी होतं. फरकातला हाच भाग पालकांना महागात पडतो.

थोरलीच्या वर्षी आम्ही होमकमिंगला गेलो, हाफटाइमचा सोहळा पाहिला आणि वाटलं, झालं. चार आठवड्यांनी सिनिअर नाइट आली. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. सामना साडेसातचा म्हणून मी ऑफिसमधून थेट सव्वासातला पोचले. गेटमधून आत शिरले तर बँडची मुलं स्टँडमध्ये परतत होती. माझी मुलगी मैत्रिणीच्या आईचा हात धरून चालून आली होती. तिने तक्रार केली नाही. हातातलं फूल तेवढं माझ्याकडे दिलं.

म्हणून ऑफिसातून एकाच शुक्रवारी लवकर निघता येणार असेल तर तो सिनिअर नाइटचा असू द्या. होमकमिंगला तुम्ही प्रेक्षक असता आणि अर्धा तास उशीर झाला तरी बिघडत नाही. सिनिअर नाइटला मैदानात तुमची जागा असते. नाशिकहून, पुण्याहून आजी-आजोबा आले असतील तर त्यांना मात्र होमकमिंगला जरूर न्या. टेक्ससमधल्या शाळांची मैदानं पाहून माणूस थक्क होतो. ॲलन या गावचं २०१२ मध्ये उघडलेलं स्टेडियम १८,००० प्रेक्षकांचं आहे, आणि ते शाळांचं! बाक ॲल्युमिनियमचे असतात, रात्री गार पडतात, चादर घ्या. पर्स पारदर्शक हवी आणि तिकिटं बऱ्याच ठिकाणी फोनवरच मिळतात.

खेळाचं फार दडपण घेऊ नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, बारा मिनिटांचे चार क्वार्टर, घड्याळ सारखं थांबत असल्याने एकूण अडीच तास धरा. सामने शुक्रवारी असण्याला कायद्याचंही पाठबळ आहे. १९६१ च्या कायद्यात १९६६ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे हंगामात शुक्रवारी संध्याकाळी शाळांच्या सामन्यांच्या ७५ मैलांच्या परिसरात व्यावसायिक संघांची एनएफएल ही संघटना आपला सामना टीव्हीवर दाखवू गेली, तर प्रक्षेपणासाठी मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट तिला लागू होत नाही.

आणखी एक घोटाळा: होमकमिंग डान्स. तो बहुधा शनिवारी, फक्त मुलांचा, पालकांनी सोडायचं आणि आणायचं. प्रॉम हा मुलांचा दुसरा मोठा डान्स वसंतात, त्याचा फुटबॉलशी संबंध नाही.

यंदा धाकटा सिनिअर आहे. सिनिअर नाइटच्या फॉर्मवर नावाचा उच्चार लिहायला एक रकाना असतो, आणि मराठी आडनावांसाठी तो अजिबात रिकामा सोडू नये. मी आमचं आडनाव तोडून, एकेक अक्षर मोठ्याने म्हणून पाहत इंग्रजीत लिहिलं आहे. मैदानावर हजर राहायची वेळ सव्वासहाची. नवऱ्याने त्या आठवड्यातला दौरा आधीच रद्द केला आहे.