मापच हलले तर? ताणाखालच्या वनस्पती आणि संदर्भ जनुके

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात ‘ताण’ हा शब्द प्रयोगशाळेतून आलेला नाही. आंबिया बहरासाठी (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरात बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. पाने मलूल होऊन काही गळाली की पाणी सोडायचे, मग झाड फुलावर येते. या काळात पानातले कोणते जनुक चढले, कोणते उतरले (म्हणजे त्याचा आरएनए वाढला की घटला) हे मोजायचे तर शेजारी न हलणारे एखादे जनुक लागते. ते संदर्भ जनुक. प्रयोगशाळेत बोलताना सगळे ‘रेफरन्स जीन’च म्हणतात.

ही गरज जुनी आहे. १९७७ मध्ये नॉर्दर्न ब्लॉट ही आरएनए जेलवर वेगळा करून पट्ट्यांच्या रूपात पाहण्याची पद्धत आली. जेलच्या प्रत्येक रकान्यात सारखाच आरएनए भरला आहे, हे दाखवण्यासाठी अ‍ॅक्टिन, जीएपीडीएच, ट्युब्युलिन किंवा १८एस आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) या नेहमीच्या जनुकांपैकी एकाचा पट्टा शेजारी छापला जाई. निवड सोयीची होती: ही जनुके प्रत्येक पेशीत असतात आणि भरपूर असतात. पण ‘सतत चालू’ म्हणजे ‘सतत सारख्याच पातळीवर चालू’ नव्हे. डोळ्यांनी पट्ट्याचा गडदपणा ताडायचा होता तोवर ही गफलत खपून गेली. नव्वदच्या दशकात रिअल-टाइम पीसीआर (चक्रागणिक प्रती दुप्पट करत मोजणारे तंत्र) आले आणि दुपटीचा फरकही आकड्यात दिसू लागला. काटा सोनाराचा झाला, वजने मात्र भाजीबाजारातलीच राहिली.

२००१ मध्ये लिवाक आणि श्मिटगेन यांचे डेल्टा-डेल्टा-सीटी सूत्र प्रसिद्ध झाले. सीटी म्हणजे संकेत दिसेपर्यंत लागलेली पीसीआर चक्रे: आरएनए निम्मा झाला की सीटी एकाने वाढते. लक्ष्य (मोजायचे) जनुक आणि संदर्भ जनुक यांच्या सीटींतला फरक दोन नमुन्यांत ताडून सूत्र वाढ-घट काढते. सूत्र इतके सोपे, की त्याच्या दोन अटी अनेकांच्या नजरेतून सुटल्या: दोन्ही प्रायमर-जोड्यांची (जनुकाचा तुकडा पकडून प्रती सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची) कार्यक्षमता जवळपास १०० टक्के, म्हणजे दर चक्रात दुप्पट, हवी आणि संदर्भ जनुक हलता कामा नये. दुसरी अट मोडली तर काय होते ते पाहा. पाणी दिलेल्या झाडात लक्ष्य जनुकाची सीटी २६, अ‍ॅक्टिनची २०. ताणावरच्या झाडात लक्ष्याची २६च, पण अ‍ॅक्टिन निम्मे झाल्याने त्याची २१. फरक ६ वरून ५ वर आला आणि सूत्र सांगते, लक्ष्य जनुक दुप्पट वाढले. प्रत्यक्षात ते जागचे हललेही नाही. तीन पुनरावृत्ती घ्या, त्रुटीरेषा (एरर बार) छान बारीक येतील. मापातच पाप असेल तर पुनरावृत्तीने ते धुतले जात नाही.

आणि ही जनुके हलतात, त्याला कारणे आहेत. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधले, म्हणजे साखर तोडण्याच्या मार्गातले, एन्झाइम. ताणात श्वसन बदलले की तेही बदलू शकते. पॉलियुबिक्विटिन या आणखी एका नेहमीच्या संदर्भाची काही जनुके उष्णतेने चढतात, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या प्रयोगात ती डोळे झाकून घेणे धोक्याचे. कपाशीत अ‍ॅक्टिनचे मोठे कुटुंब आहे आणि त्यातले काही सदस्य वाढत्या तंतूतच जोरात चालतात. १८एसची अडचण वेगळी: प्रमाण अफाट, आणि पॉली-ए शेपूट नसल्याने, ती शेपूट पकडणाऱ्या ऑलिगो-डीटीने बनवलेल्या सीडीएनएत (आरएनएच्या डीएनए-नकलेत) त्याचे खरे चित्र येतच नाही.

२००२ मध्ये व्हांडेसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी जीनॉर्म हे संदर्भ जनुकांची स्थिरता तपासणारे साधन मांडले: एकाऐवजी अनेक जनुकांची भूमितीय सरासरी घ्या. २००४ मध्ये नॉर्मफाइंडर आणि बेस्टकीपर ही तशीच साधने आली. वनस्पतींसाठी खरे वळण २००५ चे. चेखोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतली नमुना-वनस्पती असलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या २० हजारांहून अधिक जनुकांच्या चिप-नोंदी (एकाच वेळी हजारो जनुके मोजणाऱ्या चिपवरच्या) चाळल्या. जुन्या मानकऱ्यांपेक्षा स्थिर अशी शेकडो जनुके निघाली. पीपी२ए, सँड, टिप४१ ही नावे तिथून पुढे पिकापिकांत पोचली. २००९ च्या एमआयक्यूई या पीसीआर-प्रयोग नोंदवण्याच्या नियमावलीने संदर्भ जनुकांचा पुरावा देणे अपेक्षित धरले. पण अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये स्थिर, म्हणून संत्र्यातही स्थिर, ही जुनीच चूक नव्या नावाने.

म्हणून चाचणी आपल्याच नमुन्यांवर करायची. ८ ते १२ उमेदवार जनुके, प्रायमरनी उचलायचे ८० ते १५० बेसचे तुकडे, पाच टप्प्यांच्या दहापट विरलनाची प्रमाणरेषा (सीडीएनएच्या प्रमाणासमोर सीटी मांडलेली). उतार (दहापटीमागे सीटीतला बदल) –३.५८ ते –३.१० मध्ये, म्हणजे कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. जीनॉर्ममध्ये एम (जनुकाच्या अस्थिरतेचा आकडा) १.५ च्या खाली ही मूळ मर्यादा. एकाच प्रकारच्या पानांसाठी ०.५ धरलेले बरे. व्ही२/३ (तिसरे जनुक जोडल्याने सरासरी किती हलते) हा आकडा ०.१५ च्या खाली असेल तर दोन जनुके पुरतात. मात्र एकत्र चढणारी-उतरणारी दोन जनुके जीनॉर्मला स्थिर वाटतात, म्हणून एकाच चयापचय मार्गातली दोन उमेदवार घेऊ नयेत. रेफफाइंडर हे साधन या सगळ्यांच्या क्रमवाऱ्या एकत्र करते हे सोयीचे, पण कच्च्या सीटी भरल्या की सगळ्यांची कार्यक्षमता १०० टक्केच धरते.

बरेचदा दोष जनुकाचा नसतोच, आरएनएचा असतो. कपाशीच्या पानात पॉलिफिनॉल आणि गॉसिपॉल, संत्र्याच्या पानात पॉलिसॅकराइड. साध्या किटने अर्क तपकिरी किंवा चिकट येतो. २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारे द्रव्य), २ टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारे), ऐनवेळी मिसळलेले २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, ६५ अंश आणि रात्रभर आरएनए खाली बसवणारे लिथियम क्लोराइड ही वाट लांबची पण भरवशाची. सीडीएनए दहापट पातळ केल्यावर सीटी सुमारे ३.३ ने वाढायला हवी, २.५ नेच वाढली तर विरलनापूर्वीच्या नमुन्यात पीसीआरला अडवणारे काहीतरी उरले आहे. अमेरिकन कपाशी चतुर्गुणित (दोन पूर्वजांचे उपजीनोम एकत्र असलेली) असल्याने प्रायमर दोन्ही उपजीनोमांच्या प्रती ओढतात का, हेही आधी तपासावे. वितळण-वक्रात (पीसीआरचा तुकडा तापवून घेतलेल्या आलेखात) एकच शिखर दिसले म्हणून प्रत एकच असे होत नाही.

संत्र्याच्या बागेत आणखी एक पेच. पाणी तोडण्याआधीचे आणि ऐन ताणातले नमुने तपासून संदर्भ जनुकांची जोडी ठरते, आणि पाणी सोडल्यानंतरच्या पानांवर तीच जोडी न तपासता लावली जाते. झाड सावरताना वाढीची यंत्रणा पुन्हा सुरू होते आणि ताणात शांत बसलेले जनुक तिथे सरकू शकते. त्यामुळे पाणी सोडल्यानंतरच्या दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवसाची पानेही पहिल्याच चाचणीत हवीत. दर वेळी त्याच वेळेला, झाडाच्या त्याच बाजूने तोडलेली आणि तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये टाकलेली.