मेसेज ‘गेला’ म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या एसएमएस, ॲप नोटिफिकेशन आणि व्हॉट्सॲप सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
विश्रामबाग, सांगली

पतसंस्थेचे मॅनेजर असोत, दूध संस्थेचे सचिव असोत, क्लासचे सर असोत की मिरजेच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या ताई असोत, आमच्या ऑफिसात आल्यावर प्रश्न फिरून फिरून एकच. “तुमच्या स्क्रीनवर मेसेज गेला म्हणून दिसतंय, मग आमचा सभासद मिळालाच नाही का म्हणतोय?” काउंटरवर उभ्या उभ्या दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सावकाश लिहून द्यावं, म्हणून हा कागद. संस्थेत जो माणूस प्रत्यक्ष मेसेज पाठवतो त्याच्या हातात तो पडला तर बरं. चेअरमनसाहेबांच्या टेबलावर राहिला तर उपयोग नाही.

साधं पत्र पेटीत टाकलं की आपलं काम संपायचं. रजिस्टर एडी केलं तर सहीची पोच परत यायची. पण सही झाली म्हणजे पत्र वाचलं, असं पोस्टमनसुद्धा कधी म्हणत नसे. मोबाईलवरच्या मेसेजच्याही याच तीन पायऱ्या आहेत: गेला, पोचला, वाचला. एसएमएस, ॲप आणि व्हॉट्सॲप यातली प्रत्येक सेवा वेगवेगळ्या पायरीपर्यंतची खबर देते आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एसएमएस आणि अक्षरांचा हिशेब

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर ‘मेरी ख्रिसमस’ एवढाच मेसेज पाठवला. हा जगातला पहिला एसएमएस. त्याला फोनवरून उत्तर आलं नाही, कारण त्या फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती. वैतागून आलेल्या ग्राहकांना आम्ही ही गोष्ट चहाबरोबर सांगतो.

१६० अक्षरांची मर्यादा त्याही आधीची. १९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टाइपरायटरवर मनाला येतील तशी वाक्यं टाइप केली आणि अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आतच संपत होती. पोस्टकार्डावरचा मजकूरही साधारण तेवढाच भरतो, हे त्यांनी पडताळून पाहिलं आणि आकडा ठरला. तेवढ्यात भागवणं भाग होतं, कारण एसएमएससाठी वेगळा रस्ता बांधलेला नव्हता. ‘मी इथे आहे’, ‘तुला कॉल येतोय’ असं फोन आणि टॉवर आपसात जे बोलत असतात, त्याच अरुंद वाटेने मेसेज सोडायचा होता. एका मेसेजला जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट (बिट म्हणजे फोनच्या साठवणीतली सगळ्यात छोटी जागा, आठ बिटांचा एक बाइट). इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून बसतात फक्त ७०.

बरं, आपली मोजणी वेगळी आणि फोनची वेगळी. ‘मिरज’ची आपण तीन अक्षरं मोजतो, फोन चार मोजतो, कारण वेलांटीचा हिशेब स्वतंत्र. ‘सांगली’ची सहा. तासगावच्या बागायतदारांनी तर कपाळाला हात लावावा. ‘द्राक्षे’ हा डोळ्यांना दोन अक्षरी दिसणारा शब्द आठ जागा खातो. काना वेगळा, मात्रा वेगळी आणि जोडाक्षरात दडलेला हलन्तही वेगळा.

मजकूर ७० च्या पुढे गेला की मेसेजचे तुकडे होतात. तुकडे पुन्हा जोडायची खूण ठेवायला थोडी जागा जाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात मराठीची ६७ आणि इंग्रजीची १५३ च अक्षरं मावतात. वाचणाऱ्याला एकच मेसेज दिसतो, बिलात दोन पडतात. “आम्ही पाचशेच पाठवले, हजाराचं बिल कसं?” याचं उत्तर इथे आहे.

इंग्रजीत पाठवणाऱ्यांसाठी एक गुपचूप खर्च वाढवणारी गोष्ट म्हणजे रुपयाचं ₹ हे चिन्ह. मूळच्या इंग्रजी अक्षरसंचात ते नाही, म्हणून ते एकदा जरी आलं तरी अख्खा मेसेज देवनागरीच्या मापाने मोजला जातो. १५० अक्षरांचा इंग्रजी मेसेज एकात बसला असता, या एका चिन्हापायी त्याचे तीन होतात. वर्डमधून उचललेली वाकडी अवतरणचिन्हंही हाच घोळ करतात.

हे सगळं खरं असलं तरी आमचं मत विचाराल तर सभासदांना मराठीतच पाठवा. मराठी मेसेजचं बिल जास्त होतं आणि त्यात आमचा फायदा आहे, हे लपवत नाही. पण खात्यातून पैसे गेले की आले हे इंग्रजीतून न कळल्यामुळे म्हातारं माणूस कवलापुराहून शाखेत हेलपाटा घालतं, तो त्याहून महाग. मराठी ठेवा, मजकूर आखडता घ्या. ‘आपणांस कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की’ हे गाळलं तरी आनंद कमी होत नाही.

‘सबमिटेड’ आणि ‘डिलिव्हर्ड’

तुमचा मेसेज आमच्याकडून मोबाईल कंपनीच्या मेसेज केंद्रात जातो. केंद्राने तो ताब्यात घेतला की आमच्या स्क्रीनवर ‘सबमिटेड’ येतं. हे पेटीत पत्र टाकल्यासारखं. समोरचा फोन बंद असेल, रेंजबाहेर असेल, तर केंद्र मेसेज धरून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. फोनने स्वीकारला की ‘डिलिव्हर्ड’. दिलेली मुदत संपली की ‘एक्स्पायर्ड’, आणि मग तो कायमचा गेला. वाचला का, हे साधा एसएमएस सांगत नाही. तशी सोय आम्ही देतो असं कुणी म्हणालं तर त्याला पुन्हा एकदा विचारा.

मुदतीचं महत्त्व आम्ही फटका बसल्यावर शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज करा. त्या आठवड्यात एका ग्राहक संस्थेने ‘शाखा उद्या बंद राहील’ असा मेसेज सोडला. आमच्याकडे ‘सबमिटेड’ दिसलं आणि आम्ही निर्धास्त झालो. गावभागात वीज नव्हती, फोन मेलेले, काही टॉवरही बंद. ज्याला जिथे चार्जिंग मिळालं तिथे दोन-दोन दिवसांनी तो मेसेज टपकला. तोवर संस्थेने मिरजेत तात्पुरता काउंटर उघडला होता, आणि पैशांची खरी नड असलेली माणसं ‘उद्या बंद’ वाचून नातेवाइकांकडे बसून राहिली. चूक आमची होती, सहा तासांची मुदत लावायला हवी होती. तेव्हापासून दोन गोष्टी आम्ही हट्टाने करतो. मजकुरात ‘आज’, ‘उद्या’ लिहू देत नाही, तारीख आणि वार घालायला लावतो. आणि प्रत्येक मेसेजला मुदत विचारतो. मासिक सभेच्या सूचनेला दोन दिवस चालतील, ओटीपीला दहा मिनिटंसुद्धा पुष्कळ झाली.

गणपतीच्या शुभेच्छा आणि अडकलेले मेसेज

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला सगळे ट्राय म्हणतात, २०१८ साली व्यावसायिक मेसेजसाठी नियम केले. त्यानुसार संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव आणि मजकुराचा नमुना हे सगळं मोबाईल कंपन्यांच्या सामाईक वहीत आधी नोंदवावं लागतं. या वहीला डीएलटी म्हणतात. पाठवलेला मजकूर नमुन्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच गळतो. नाव, रक्कम, तारीख अशा जागा तेवढ्या बदलता येतात. ८ मार्च २०२१ ला ही गाळणी देशभर लागली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ती आठवड्यासाठी थांबवावी लागली होती.

तरीही दर वर्षी गणपतीत कुणीतरी हप्त्याच्या आठवणीच्या मेसेजवर ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ जोडतो आणि सगळेच्या सगळे मेसेज गळतात. भावना चांगली, पण नमुना वेगळा. शुभेच्छांचा नमुना स्वतंत्र नोंदवावा लागतो, आधी सांगा, करून देतो. लिंक पाठवायची असेल तर तीही आधी नोंदवावी लागते, हा नियम ऑक्टोबर २०२४ पासूनचा.

या व्यवस्थेचा तुमच्या सभासदांना एक उपयोग आहे, तो त्यांना जरूर सांगा. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. साध्या दहा आकडी नंबरावरून ‘तुमचं खातं बंद होणार आहे’ असा मेसेज आला तर तो तुमच्या संस्थेचा नाही, बँकेचाही नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

ॲपची घंटी

दूध संस्थांच्या आणि क्लासच्या ॲपमधल्या नोटिफिकेशनला एसएमएससारखा खर्च नाही, म्हणून सगळ्यांना ती हवी असते. तिचं काम कसं चालतं ते पाहा. प्रत्येक ॲपने दर मिनिटाला ‘काही आलंय का’ विचारलं तर बॅटरी दुपारच्या आत बसेल. म्हणून फोन सगळ्या ॲपांच्या वतीने गूगलशी एकच वाट उघडी ठेवतो, आयफोन असेल तर ॲपलशी. वाड्याच्या दिंडी दरवाजाशी एकच राखणदार बसावा आणि आलेला निरोप त्याने ज्या त्या बिऱ्हाडाला द्यावा, तसं. ॲपलने ही सोय २००९ मध्ये आणली, गूगलने पुढच्या वर्षी. व्हॉट्सॲप सुरुवातीला नुसतं ‘मी कामात आहे’, ‘जिममध्ये आहे’ असे स्टेटस दाखवणारं ॲप होतं. ही घंटी मिळाल्यावर लोक स्टेटस बदलून एकमेकांना निरोप द्यायला लागले आणि त्याचं मेसेजचं ॲप झालं.

आमच्याकडे गूगल ‘घेतलं’ म्हणतं, तिथे तुमची घंटी वाजलीच असं समजू नका. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवून टाकतात. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, घंटी वाजवायची परवानगी ॲपला मागावी लागते, आणि घाईत ‘नको’ दाबणारे पुष्कळ. फोन बंद असेल तर गूगल नोटिफिकेशन चार आठवड्यांपर्यंत धरून ठेवतं, पण एका फोनसाठी एका ॲपची शंभरांहून जास्त तुंबली की सगळीच टाकून देतं. यावर उपाय आहे. हळदीच्या सौद्याचे भाव दिवसभर बदलत असतात, फोन संध्याकाळी सुरू करणाऱ्याला सकाळचे वीस भाव नको असतात, शेवटचा हवा असतो. अशा नोटिफिकेशनला आम्ही एकच खूण लावतो, म्हणजे नवी आली की साठवलेली जुनी आपोआप पुसली जाते. दुधाच्या बिलाला मात्र ही खूण कधीच लावत नाही.

आणखी एक. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून वापरणाऱ्याला एका ॲपमधल्या नोटिफिकेशनचे प्रकार वेगवेगळे बंद करता येतात. पशुखाद्याची जाहिरात आणि बिल एकाच प्रकारात घातलं तर जाहिरातीला कंटाळलेला शेतकरी बिलाचीही घंटी बंद करतो. आणि मग भांडण सचिवांशी.

व्हॉट्सॲप

एक टिक म्हणजे गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे उघडला. निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या आणि त्या बंद ठेवणारे लोक आहेत, त्यामुळे निळी टिक नाही म्हणजे वाचलं नाही असं धरू नका. स्वतःच्या फोनवरून ब्रॉडकास्ट लिस्ट करणाऱ्यांना एकच सांगणं. ती २५६ जणांपुरती असते आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज मिळतो. बाकीच्यांना काहीही कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. ग्रुप १०२४ जणांचा होतो, पण पतसंस्थेच्या थकबाकीची चर्चा ग्रुपवर करू नये, एवढं आम्ही हात जोडून सांगतो.

पुराच्या काळात

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सरकारची सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी सूचना ऐकवतो, नंबरांची यादी लागत नाही आणि मेसेज केंद्रातली रांगही नाही. ती सेवा आपत्ती यंत्रणेची आहे, खासगी संस्थेला मिळत नाही, आम्हाला वारंवार विचारतात म्हणून लिहिलं. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना कुणी बंद केल्या असतील तर जूनच्या आत सुरू करून ठेवा.

नंबरांच्या याद्या मे अखेरपर्यंत आणून द्या. एक्सेलमध्ये आणत असाल तर नंबराचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मग नंबर भरा. तसं न करता पुढे ९१ लावलं की एक्सेल बारा आकड्यांचं ‘९.१९ई+११’ करून टाकतं, आणि त्या नंबरावर मेसेज पाठवायचं यंत्र अजून आमच्याकडे नाही.